पायातला गोळा आणि बसण्याचा हक्क



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवर वेदान्तापासून अणुशक्तीपर्यंत सारे विषय होऊन गेले. आमचा विषय गुडघ्याच्या खालचा आहे. पोटरीत येणारा गोळा आणि पायाच्या बोटांत येणारे पेटके, यांवर आज बोलायचे आहे. विषय कळवला तेव्हा चिटणीसांनी विचारले, "व्याख्यान विनोदी आहे का?" आम्ही म्हटले, ज्याला रात्री दोन वाजता गोळा येतो त्याला विचारा.

आपल्यापैकी अनेकांना हा पाहुणा ठाऊक असणार. कोणी त्याला वांब म्हणतो, कोणी नस चढली म्हणतो. माणूस झोपेत कूस बदलतो, पाय जरा ताणतो आणि पोटरी दगडासारखी घट्ट होते. कधी अंगठा एका दिशेला ओढला जातो आणि शेजारची बोटे दुसऱ्या दिशेला. पाच मिनिटांत सारे ओसरते, पण पोटरी दुसऱ्या दिवशीही ठणकते. आम्ही हा त्रास वीस वर्षांहून अधिक काळ भोगत आहोत. घरातल्या माणसांची झोप आमच्यामुळे किती वेळा मोडली याचा हिशेब आम्ही ठेवलेला नाही. त्यांनी ठेवला असेल.

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे मागाच्या खडखडाटात आणि नगरवाचनालयात झाले. तरुणपणी आम्ही यंत्रमागावर बारा तासांची पाळी केली. धोटा पाहायचा, तुटलेला धागा जोडायचा, कांडी बदलायची आणि पुन्हा पुढच्या मागापाशी जायचे. हे सारे उभ्याने. कामगार चळवळीत आलो तेव्हा माग सुटला, पण उभे राहणे सुटले नाही. कारखान्याच्या दारावरच्या एका सभेत मूठ वर करून बोलत असताना पायात गोळा आला. चेहरा वेडावाकडा झाला, आवाज चढला. लोकांना वाटले, आज भाऊ फारच पेटले आहेत. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतला निम्मा वाटा पोटरीचा होता.

आता हा गोळा म्हणजे काय? स्नायू आपणहून आखडत नाही. आखडण्याचा हुकूम त्याला मज्जातंतूकडून येतो. गोळा येतो तेव्हा हा हुकूम थांबायचा थांबत नाही. म्हणून त्यावरचा पहिला उपाय चोळण्याचा नसून ताणण्याचा आहे. गुडघा सरळ ठेवावा आणि चवडा हाताने आपल्याकडे ओढावा. स्नायू ताणला की त्याच्या टोकाच्या कंडरेतून मज्जारज्जूकडे 'आता पुरे' असा निरोप जातो आणि हुकूम सैल पडतो. नेदरलंड्समध्ये पंचावन्न वर्षांवरच्या माणसांवर प्रयोग झाला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. सहा आठवडे रोज झोपण्यापूर्वी पोटऱ्या आणि मांडीच्या मागचे स्नायू ताणणाऱ्यांना गोळे कमी आले. हा उपाय बिनपैशाचा आहे. कदाचित म्हणूनच त्याची जाहिरात होत नाही.

जाहिरात होते ती गोळ्यांची. मॅग्नेशियमच्या गोळ्या पुष्कळ खपतात. पण अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा २०२० साली घेतला गेला, त्यात वयस्क माणसांच्या गोळ्यांवर त्यांचा लाभ होण्याचा संभव कमीच दिसला. क्विनाइनने गोळे थोडे कमी होतात, पण ते रक्तावर जिवघेणा परिणाम करू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने २०१० साली दिला. तेव्हा शेजाऱ्याने सांगितले म्हणून क्विनाइन घेऊ नये. गरोदरपण, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार, लघवी वाढवणारी औषधे यांमुळेही गोळे येतात. आणखी एक खूण ध्यानात ठेवावी. ठरावीक अंतर चालले की पोटरी दुखते आणि थांबले की राहते, असे होत असेल तर तो गोळा नव्हे. पायाची रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते. त्याला तपासणीच हवी.

आता आमच्या बिरादरीची गोष्ट सांगतो. शंभर वर्षांमागे इंग्लंडातल्या खोल, तापलेल्या कोळशाच्या खाणींत मजुरांचे हातपाय आणि पोटाचे स्नायू कामावरच आखडत. जे. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने आणि त्याचे सहकारी मॉस यांनी १९२० नंतरच्या वर्षांत हा प्रश्न हाती घेतला. एका पाळीत मजुराचा कित्येक किलो घाम जात होता. घामातून मीठही जात होते आणि मजूर भरून काढत होता ते फक्त पाणी. पाण्यात थोडे मीठ घालून दिले तेव्हा पेटके आटोक्यात आले. याच हॉल्डेनचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ साली आपल्या देशात राहायला आले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर मोठे धरण बांधताना १९३१ च्या उन्हाळ्यात उष्म्याने मजूर मेले. पुढच्या वर्षी हार्वर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तिथे जाऊन अभ्यास केला, तेव्हाही मिठाचीच गोष्ट पुढे आली.

मात्र सारे काही मिठावर लोटू नये. लांब पल्ल्याच्या धावपटूंना तपासले तेव्हा गोळा आलेल्यांच्या आणि न आलेल्यांच्या रक्तातल्या मिठात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. थकलेल्या स्नायूचा आणि त्याच्या मज्जातंतूचा तोल जातो, हे कारणही तितकेच लागू आहे. भट्टीपाशी राबणाऱ्याची गोष्ट वेगळी आणि रात्री अंथरुणात तळमळणाऱ्याची वेगळी. रक्तदाबाच्या माणसाने तर आमचे व्याख्यान ऐकून मीठ वाढवू नये.

आता जे सांगायला आलो ते सांगतो. पंचवीस वर्षांमागे एका कारखान्यात कांड्या भरणाऱ्या एक मावशी होत्या. मागण्यांचे पत्रक आम्ही लिहीत होतो. त्या येऊन म्हणाल्या, "भाऊ, पायात लई गोळं येत्यात. एक बाकडं मागा की. घडीभर टेकायला." आम्ही हसलो. म्हणालो, "मावशी, बाकड्यासाठी का कोणी संप करतं? आधी मजुरीचं बघू." मजुरीत थोडी वाढ झाली, गुलाल उधळला. वर्षभरात मावशींनी काम सोडले. पुढे कधी भेटल्या नाहीत. आमचे गोळे तेव्हा सुरू व्हायचे होते.

त्यानंतर वाचनालयात बसून आम्ही १९४८ चा कारखाना कायदा पहिल्यापासून वाचला. ४४ व्या कलमात लिहिले होते की, ज्यांना उभ्याने काम करावे लागते त्यांना संधी मिळेल तेव्हा विसावता यावे म्हणून बसण्याची योग्य सोय असावी. मावशी मागत होत्या ती भीक नव्हती. तो कायदा होता आणि तो आम्हालाच ठाऊक नव्हता. मालकाने हसावे हे समजू शकते. आम्ही हसलो, ही चूक आमच्या खाती जमा आहे. तो कायदा २०२० च्या नव्या संहितेत सामावला गेला आणि ती संहिता २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आली. उभ्याने राबणाऱ्यांच्या बसण्याची तरतूद तिच्यातही आहे. पण कलम भिंतीवर टांगून त्यावर कोणाला बसता येत नाही. बाकडे प्रत्यक्ष यावे लागते.

दुकानांतल्या मुलींकडे आपण कधी पाहता का? दिवसभर त्या साड्या उलगडतात. गिऱ्हाईक नसले तरी उभ्याच. केरळात अशाच स्त्रियांनी चळवळ केली आणि २०१८ साली दुकानांतल्या नोकरांना बसण्याचा हक्क कायद्याने मिळाला. तमिळनाडूने २०२१ साली तेच केले. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. तेव्हाही शहाणी माणसे म्हणत असतील, सुट्टी हा काय मागण्याचा विषय झाला? आज तीच सुट्टी आपण सारे भोगतो. हे व्याख्यानही रविवारीच आहे.

म्हणून दोन विनंत्या. रात्री झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून, टाचा जमिनीला लावून पोटऱ्या ताणा. आणि उद्या ज्या दुकानात जाल तिथे मालकाला एवढेच विचारा, "या पोरींना बसायला काही आहे का हो?" आपण गिऱ्हाईक आहात, आपला शब्द आमच्या पत्रकापेक्षा लवकर ऐकला जाईल.

पाऊण तास झाला, आणि आम्ही उभे आहोत. पोटरी सूचना देऊ लागली आहे. अध्यक्षांच्या परवानगीने आता आम्ही खाली बसतो.