शाळेला पाळणाघर हवं



बी.एड. झाल्याचं कळलं की नातेवाईक मुलींना हमखास म्हणतात, ‘बरं झालं, घर सांभाळून करता येते ही नोकरी.’ या वाक्यापासून जपा. मी ते लग्नाच्या बैठकीत ऐकलं, बदलीच्या वेळी ऐकलं, निवृत्तीच्या निरोप समारंभातही ऐकलं. बोलणाऱ्याला ते कौतुक वाटतं. पण घर आणि शाळा दोन्ही एकटीनेच ओढायची, हे त्यात तुम्हाला न विचारता ठरवून टाकलेलं असतं.

१९८७ साली खडू-फळा योजना आली. एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक द्यायचा, आणि शक्यतो ती स्त्री असावी, असं त्यात होतं. त्याच लाटेत मी घाटातल्या एका वाडीवर रुजू झाले. माझे पती तालुक्याच्या गावी बँकेत. मुलगी अजून रांगत होती आणि सासूबाईंना गुडघ्यांमुळे वाडीचा चढ जमत नव्हता. म्हणून मुलीला घेऊनच शाळेत जाऊ लागले. वर्गाच्या कोपऱ्यात जुन्या लुगड्याची झोळी बांधली.

थोड्याच दिवसांत पटावर नाव असून कधी न दिसणाऱ्या तिसरी-चौथीतल्या मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या कडेवर धाकटं भावंड. बाईंचं पोर शाळेत चालतं, तर आमचंही चालेल, असा त्यांचा सरळ हिशेब. आई-बाप लावणीला गेले की घरचं पोर त्यांनीच राखायचं, त्यात शाळा बुडायची. माझ्या सहकारी गुरुजींनी एक शब्द न बोलता ओसरीवर गोणपाटं अंथरली. पाढे आणि रडणं एकाच वेळी चाले, पण हजेरी भरू लागली.

मग तपासणी आली. साहेबांनी हजेरीपट उघडला नाही, झोळी मात्र पाहिली. शेरेबुकात लिहिलं, ‘शिक्षिका शाळेच्या वेळेत घरगुती कामे करतात.’ वर खुलासा मागवला. मी खुलाशाला मुलींची हजेरी जोडली. त्यावर उत्तर कधीच आलं नाही आणि शेरा तसाच राहिला. तो मला आजही सलतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर, विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालवली होती. भावंड सांभाळणारी मुलगी एरवी शाळेत येऊच शकत नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. शाळा तपासायला येणाऱ्या माणसाला कोसबाड ठाऊक नसावं, याचं मला फार वाईट वाटलं.

माझ्यामागून आलेल्यांचे हाल अधिक झाले. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. तीन वर्षं मानधनावर काम, प्राथमिकला महिना ३,००० रुपये. खोलीभाडं आणि बाळ सांभाळणाऱ्या मावशींचे पैसे दिले की एसटीच्या पासासाठी उसने मागणाऱ्या शिक्षिका मी पाहिल्या आहेत. २०२३ मध्ये हे मानधन प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० झालं. वाढलं, हे खरं. पण ही तीन वर्षं नेमकी लग्नाची, बाळंतपणाची असतात. त्याच काळात रविवारी मतदारयादी घेऊन दारोदार फिरायचं, आणि सोमवारी पाठटाचण तयार नाही म्हणून बोलणी खायची.

प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक केलं. आता सांगा, वाडीवरच्या दोन शिक्षकी शाळेत पन्नास कर्मचारी कुठून येणार? ज्या बाईला पाळणाघराची सर्वांत जास्त गरज, तीच कायद्याच्या बाहेर राहिली. म्हणून मी आज जिथे जाते तिथे हेच बोलते: निदान केंद्रशाळेत एक पाळणाघर हवं. शिक्षिकांच्या मुलांसाठी हवं, आणि कडेवर भावंड घेऊन येणाऱ्या विद्यार्थिनींसाठीही हवं.

रुजू झालात की पहिल्याच बैठकीत ही मागणी मांडा. तोंडी नको, लेखी द्या, आणि पोच घ्या. आणि समोर बसलेल्या मुलग्यांनो, मूल तुमचंही असणार आहे. त्या अर्जावर पहिली सही तुमची असू द्या.