घरातील नवा धर्म आणि वर्गातील मूल



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व आपल्या लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. या घटनेचा विचार मोठ्यांच्या बाजूने पुष्कळ झाला आहे. त्या घरांतील मुलांच्या बाजूने तो शिक्षकाने करावयास हवा.

असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. दीक्षा वडिलांनी घेतली. आठ वर्षांच्या मुलाला कोणी विचारले नव्हते. प्रतिज्ञांप्रमाणे गौरी-गणपतीची पूजा थांबली, श्राद्धपक्ष बंद झाला, देव्हारा रिकामा झाला. आजीने मात्र देवीचा टाक लुगड्याच्या घडीत दडवून ठेवला. वडील म्हणतात, “यात देव नाही.” आजी पुटपुटते, “देवी कोपेल.” अशात मुलाला ताप भरला, तर त्याच्या मनात कोणते भय उठेल? आजीचे ऐकावे तर वडिलांशी द्रोह होतो; वडिलांचे ऐकावे तर आजी अंतरते.

त्याच घरात त्याने आणखीही काही पाहिले आहे. मद्य न पिण्याची प्रतिज्ञा पाळणारे वडील आता सायंकाळी शुद्धीवर घरी येतात आणि गावातून ताठ मानेने चालतात. भीती आणि अभिमान अशी दुहेरी शिदोरी घेऊन हे मूल शाळेत येते.

तेथे सोबती हिणवतात, “तुमचे देव कुठे गेले रे?” आणि गुरुजीच चारचौघांत विचारतात, “तुम्ही आता कोण?” प्रश्न साधा दिसतो, परंतु वडिलांनी जे ओझे टाकून दिले, तेच तो मुलाच्या डोक्यावर पुन्हा ठेवतो.

म्हणून शिक्षकाने काही पथ्ये पाळावीत. धर्माची नोंद पालकाच्या सांगण्यावरून व नियमाप्रमाणे करावी. तिच्यावर वर्गात भाष्य करू नये. पालकाच्या संमतीवाचून अल्पवयीन विद्यार्थ्यास पूजाअर्चेस बसविता येत नाही, असे संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदात सांगितले आहे. पूजेपासून दूर राहणाऱ्या मुलास कोपऱ्यात एकटे उभे करणे हीही एक शिक्षाच होय. आणि “आजी खोटी की बाबा खोटे?” असे मुलाने विचारलेच, तर शिक्षकाने निवाडा करू नये. तापास कारण असते व औषधही असते, एवढे सत्य निःशंकपणे सांगावे. आजी व वडील दोघांचीही त्याच्यावर माया आहे, हेही सांगावे.

वडिलांनी पंढरीची माळ घातली व घरातील मांसाहार सुटला, अथवा आईने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी मुलाची अवस्था अशीच होते. धर्म निवडण्याचा अधिकार मोठ्यांचा आहे. त्या निवडीचा अर्थ लावण्यास मुलाला वेळ लागतो. तो वेळ त्याला निर्भयपणे मिळावा, अशी एक जागा गावात असली पाहिजे. ती जागा शाळा होय.