राष्ट्राचे धन आणि घरची मुले
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



'राष्ट्रे आणि मनुष्यबळाचा विकास' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आहे. विषय दूरदेशीचा वाटला, तरी तो अखेर आपल्या शिष्यवृत्ती-निधीपाशी येऊन ठेपतो. तो कसा, हे क्रमाने सांगू.

प्रथम शब्दाचा विचार करू. भारत सरकारचे शिक्षण मंत्रालय १९८५ साली 'मानव संसाधन विकास मंत्रालय' झाले आणि २०२० साली पुन्हा 'शिक्षण मंत्रालय' झाले. संसाधन म्हणजे साधनसामग्री. कोळसा, लोखंड, पाणी यांच्या पंक्तीस माणूस बसवावा काय, हा प्रश्न या नामांतराच्या पोटात दडलेला आहे. निरनिराळ्या राष्ट्रांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली.

जपानात १८६८ साली नवी राजवट आली. भूमी डोंगराळ, खनिजे अल्प. तेव्हा माणूस हेच धन, असे राज्यकर्त्यांनी मानले. गावात अशिक्षित घर नसावे व घरात अशिक्षित माणूस नसावा, असा संकल्प १८७२ च्या शिक्षणविषयक आज्ञापत्रात केला गेला. आरंभी फी द्यावी लागे आणि शेतातले हातही कमी होत. म्हणून कित्येक ठिकाणी संतप्त शेतकऱ्यांनी शाळा जाळल्या. तरी सरकार मागे हटले नाही. १९०० साली प्राथमिक शाळांची फी बहुतांशी रद्द झाली आणि थोड्याच वर्षांत शंभरांतील नव्वदांहून अधिक मुले पटावर आली. परंतु याच शाळांतून आज्ञा निमूट पाळणारी पिढीही घडविली गेली. ती युद्धाच्या कामी आली व १९४५ साली देश धुळीस मिळाला. विद्येचे सामर्थ्य जपानने दाखविले, तसेच माणसास केवळ साधन मानण्याचे फळही दाखविले.

जर्मनीने हाताच्या विद्येस मान दिला. म्युनिक शहराचे शिक्षणाधिकारी गेऑर्ग केर्शेनस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उमेदवारी करणाऱ्या मुलांसाठी ज्याच्या त्याच्या धंद्यानुरूप शाळा उभारल्या. आजही तेथील उमेदवार काही दिवस कारखान्यात काम शिकतो, काही दिवस शाळेत बसतो आणि त्यास मोबदलाही मिळतो. १९६९ च्या कायद्याने या पद्धतीस राष्ट्रव्यापी आधार दिला.

१९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने पहिला मानव विकास अहवाल काढला. पाकिस्तानचे अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक त्याचे प्रवर्तक, आणि आपले अमर्त्य सेन त्यांचे सहकारी. राष्ट्राची प्रगती केवळ उत्पन्नाने न मोजता आयुर्मान व विद्या यांनीही मोजावी, कारण माणूस हे साधन नसून साध्य आहे, हा त्याचा इत्यर्थ होय.

आपल्याकडे हा विचार नवा नव्हता. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात व १९०६ साली साऱ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांस आश्रय दिला आणि १९१७ साली मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. स्वतंत्र भारताच्या घटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांस दहा वर्षांत मोफत शिक्षण देण्याचे ठरविले. त्यास कायदेशीर हक्काचे रूप मात्र १ एप्रिल २०१० रोजी आले. तोवर साठ वर्षे लोटली.

आता आपल्या घराकडे वळू. प्रतिवर्षी आपण नव्वद टक्क्यांवर गुण मिळविणाऱ्यांचा शाल-श्रीफळ देऊन गौरव करतो. ते उचितच आहे. परंतु दहावीस गणितात अडलेला मुलगा आणि धाकट्या भावंडांस सांभाळण्यासाठी शाळा सुटलेली मुलगी यांची नोंद आपल्या कोणत्या वहीत आहे? शिक्षकी पेशात आम्हांस एक गोष्ट पुरती कळून चुकली: पहिल्या बाकावरचा विद्यार्थी आपल्या बळावर पुढे जातो, पण शेवटच्या बाकावरचा गळाला, तर त्याची चौकशीही कोणी करीत नाही.

म्हणून आमची सभेस तीन गोष्टींची विनंती आहे. निधीच्या व्याजाचा अर्धा भाग नापास झालेल्या व शाळा सुटलेल्या मुलामुलींसाठी राखावा. ज्ञातीतील कारखानदारांनी व दुकानदारांनी वर्षास निदान एक उमेदवार पगार देऊन शिकवावा. आणि वसतिगृहातील रिकाम्या जागा अन्य समाजांतील गरजू मुलांस द्याव्यात. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांस एका पंक्तीस बसविले. शंभर वर्षांनंतर आपणांस ते जड जाऊ नये.

यावर मतभेद होतील, हे आम्ही जाणतो. ते व्हावेत, पण ते सभेत व्हावेत आणि त्यांतून ठराव निघावा. राष्ट्र मोठे आहे, आपला निधी लहान आहे. परंतु राष्ट्राची मोजदाद घराघरांतूनच होते. जे मूल आपण गमावले, ते राष्ट्रानेही गमावले.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.