आकाशातील उपग्रह आणि महाविद्यालयाचे दप्तर



दिनांक २६ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३५ या अग्निबाणाने आठ उपग्रह घेऊन उड्डाण केले, तेव्हा मुख्य मान समुद्रावरील वाऱ्यांचा वेध घेणाऱ्या स्कॅटसॅट-१ कडे असल्यामुळे, त्याच्या सोबतीने गेलेल्या सुमारे दहा किलोग्रॅम वजनाच्या 'प्रथम' नामक पेटीकडे सामान्य वाचकाचे लक्ष क्षणभर जाऊन परतले असेल, तर त्यात नवल नाही. ती पेटी मात्र ठाण्याहून फार दूर नसलेल्या पवईच्या आय.आय.टी.तील विद्यार्थ्यांनी घडविली होती. त्याच वर्षी २२ जून रोजी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' हा दहा सेंटिमीटर बाजूचा, किलोभरही वजन न भरणारा घनाकृती उपग्रह वर गेला होता; आणि विजेचा कणही न खर्चता, केवळ अंगच्या चुंबकांच्या बळावर पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राशी आपला रोख जुळवून घेण्याची त्यातील युक्ती मला आजही मोठी रसिक वाटते.

या दोन्ही उपक्रमांच्या कौतुकात एक हिशेब सहसा मांडला जात नाही. 'प्रथम'ची कल्पना २००७ साली निघाली आणि उड्डाण २०१६ साली झाले. 'स्वयम्'लाही आठेक वर्षे लागली. अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची. म्हणजे ज्यांनी पहिले आराखडे काढले ते पदवी घेऊन मार्गस्थ झाले, त्यांच्या मागून आलेल्यांनी मंडले जोडली आणि तेही गेले, आणि उड्डाणाच्या दिवशी पडद्यासमोर श्वास रोखून बसलेल्यांपैकी कित्येक जण आरंभकाळी शाळेच्या बाकावर होते. अंतरिक्षाची निर्वात स्थिती, तेथील उष्णता व शैत्य, अग्निबाणाची थरथर या संकटांसाठी इस्रोच्या कसोट्या आहेत आणि त्या विद्यार्थ्यांच्या उपग्रहासही माफ नसतात; परंतु माणसे बदलत असताना काम एकच राहावे, या संकटावर कोणत्याही प्रयोगशाळेत कसोटी नाही. तेथे उपयोगी पडते ते दप्तर: कोणता निर्णय कोणी, कोणत्या कारणास्तव घेतला, कोणता भाग चाचणीत नापास झाला, याची तारीखवार नोंद. डोंबिवलीच्या गाडीत उतरणारा प्रवासी आपली जागा आधीच कोणाच्या तरी हवाली करून ठेवतो. आमच्या महाविद्यालयांत चौथ्या वर्षाचा विद्यार्थी उतरतो तो जागा, यंत्र आणि त्यामागचा विचार, सारेच बरोबर घेऊन उतरतो.

आता कोणी म्हणेल की पवईस जे साधले ते आमच्या घोडबंदर रस्त्यावरच्या, कोपरीच्या वा डोंबिवलीच्या महाविद्यालयांस कसे साधावे? या शंकेचे उत्तर खुद्द 'प्रथम'च्या प्रयोगात आहे. वातावरणाच्या वरच्या, आयनांबर म्हणतात त्या थरातील मुक्त इलेक्ट्रॉनांची गणती करणे हा त्याचा उद्देश. उपग्रहाकडून निघालेली रेडिओलहर या थरातून आणि पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातून खाली येताना तिच्या कंपनाचे प्रतल फिरते; मायकेल फॅरडे याने १८४५ साली प्रकाशाच्या बाबतीत पाहिलेलाच हा परिणाम. वाटेत इलेक्ट्रॉन जितके अधिक, तितके फिरणे अधिक. आणि ते मोजावयाचे ते जमिनीवर, एकमेकींशी काटकोनात बसविलेल्या ॲन्टेनांच्या साह्याने. मापनाचे अर्धे यंत्र अशा रीतीने उपग्रहात नसून गच्चीवर होते, आणि एका गच्चीवरून दिसते ते आकाशाच्या एकाच तिरक्या रेषेचे माप. म्हणून अन्य महाविद्यालयांनीही ग्रहणकेंद्रे उभारावीत, अशी तजवीज पवईच्या विद्यार्थ्यांनी आरंभापासून केली होती. दुसऱ्यांस सहभागी करून घेणे हे येथे औदार्य नव्हते, ती भौतिकशास्त्राची गरज होती.

या गरजेत आपल्या ठाणे जिल्ह्याचे स्थान मोक्याचे आहे. दक्षिणेस थुंबा, जेथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी देशातील पहिला अग्निबाण सुटला आणि जी जागा चुंबकीय विषुववृत्ताच्या सान्निध्यामुळेच निवडली गेली. उत्तरेस अहमदाबाद, ज्याच्या आसपास आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची दाटी दुपारनंतर शिखरास पोहोचते. कोकणपट्टी या दोहोंच्या मधल्या चढावर आहे. चढावरचे माप शिखरावरच्या मापाइतकेच शास्त्रज्ञाला हवे असते. विक्रोळीस गोदरेजच्या कारखान्यात 'विकास' एंजिने घडतात, वागळे इस्टेट व डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत कुशल हातांचा तुटवडा नाही; तेव्हा साधनांची सबब मी मान्य करणार नाही.

खरी अडचण अध्यापकांची आहे, आणि ती बोलून दाखविण्यास महाविद्यालये संकोचतात. अध्यापकाच्या आठवड्याच्या तासांच्या तक्त्यात व्याख्यानाला रकाना आहे, प्रात्यक्षिकाला आहे, अंतिम वर्षाच्या प्रकल्पालाही आहे. आठ वर्षे चालणाऱ्या आणि निकाल कदाचित नवव्या वर्षी लावणाऱ्या कामाला मात्र रकाना नाही. परिणामी असे काम एखाद्या उत्साही अध्यापकाच्या खासगी वेळेतून चालते आणि त्याच्या बदलीबरोबर किंवा निवृत्तीबरोबर संपते. विद्यार्थी चंचल असतात ही तक्रार मी पुष्कळ ऐकली आहे. त्यांनी चारच वर्षे राहावयाचे हा तर आपणच केलेला नियम. टिकावयाचे आहे ते अध्यापकाने आणि संस्थेने.

माझी सूचना म्हणूनच लहान आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील एकेका महाविद्यालयाने एकेक ग्रहणकेंद्र उभारावे, तिन्हींची नोंदवही एकाच नमुन्याची असावी आणि प्रत्येक ठिकाणी एका अध्यापकाच्या तासांत हे काम लेखी मंजुरीने धरले जावे. स्वतःचा उपग्रह नसला तरी अडत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाचा १४५.८०० मेगाहर्ट्झवरचा संदेशही शिकाऊ हातांस पुरेसा आहे. सेकंदास साडेसात किलोमीटरच्या वेगाने धावणारा उपग्रह उगवून मावळेपर्यंत जेमतेम दहा-बारा मिनिटे मिळतात, तेवढ्यात ॲन्टेना फिरवीत राहणे आणि वेगामुळे सरकणारी कंप्रता सावरणे, हे शिक्षण फळ्यावर देता येत नाही.

मात्र ध्रुवीय कक्षेतला उपग्रह सकाळी डोक्यावरून गेला की साधारण बारा तासांनी, रात्री, पुन्हा येतो; आणि त्या वेळी महाविद्यालयाच्या गच्चीला कुलूप असते. तेव्हा ॲन्टेनाच्या खरेदीचा अर्ज करण्यापूर्वी प्राचार्यांनी गच्चीची किल्ली रात्रपाळीच्या पहारेकऱ्यापाशी ठेवण्याचा लेखी हुकूम काढावा, एवढी माझी विनंती आहे.