बंब, शेगडी आणि घरातील हवा

(ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या शिबिरात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रस्ते, नळयोजना, शाळेच्या खोल्या या विषयांवर आपण नेहमीच एकत्र येतो. न्हाणीघरातील बंब आणि माजघरातील शेगडी यांवर व्याख्यान द्यावे, हे कोणास किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या अनुमानानुसार २०२० साली घरगुती इंधनाच्या धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली आणि त्यांत पाच वर्षांखालील दोन लाखांहून अधिक बालके होती. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजनेचा आरंभ झाल्यानंतर ग्रामीण स्वयंपाकघरांत गॅसची शेगडी मोठ्या प्रमाणावर पोहोचली, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि अंघोळीचे पाणी तापविण्यासाठी आणि थंडीत ऊब घेण्यासाठी आजही अनेक घरांत लाकूडफाटा, गोवऱ्या, पऱ्हाट्या आणि कोळसा जळतो. म्हणून या अग्नीशी कसे वागावे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

अग्नीच्या दोन वाटा

घरातील कोणत्याही अग्नीला दोन वाटा मोकळ्या लागतात. एक वाट ताजी हवा आत येण्याची आणि दुसरी जळालेली हवा घराबाहेर जाण्याची. दोहोंपैकी एक जरी कोंडली, तरी इंधन अर्धवट जळते आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निर्माण होतो. या वायूस रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील जे द्रव्य प्राणवायू वाहून नेते, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. परिणामी माणूस श्वास घेत असूनही त्याच्या शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, सुस्ती येणे ही त्याची लक्षणे. झोपेतील माणसाला तीही जाणवत नाहीत.

धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून आपण खिडकी उघडतो. फुललेल्या कोळशाला धूर नसतो, म्हणून दार लावून घेतो. धोका नेमका येथेच आहे. धूर दिसत नाही याचा अर्थ हवा निर्दोष आहे असा कदापि घेऊ नये.

बंब

तांब्याचा वा पितळेचा बंब हे आपल्या घरांतील एक उत्तम साधन आहे. मध्यभागी उभी नळी, तिच्यात जळण, तळाशी जाळी आणि सभोवार पाणी, अशी त्याची रचना. खालून हवा आत शिरते व नळीच्या वरच्या तोंडातून धूर बाहेर पडतो. म्हणजे ही नळी बंबाचे धुराडेच होय. दिवाळीच्या आधी बंब चिंच आणि राख लावून लखलखीत घासण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु बाहेरून सोन्यासारख्या चमकणाऱ्या बंबाच्या नळीत काजळीचा जाड थर साचलेला असतो, त्याकडे लक्ष जात नाही. या थरामुळे उष्णता पाण्यापर्यंत पोहोचण्यास अडथळा होतो, जळण अधिक लागते आणि धुराची वाट अरुंद होते. बंब पूर्ण थंड झाल्यावर लांब काठीला काथ्या बांधून नळी आतून महिन्यातून एकदा तरी घासावी. जाळीखालील राख रोज काढावी.

बंब पेटविण्यापूर्वी तो पाण्याने भरलेला आहे, हे पाहावे. रिकाम्या बंबाला आच लागली की सांध्यांचा डाख वितळतो आणि बंब गळू लागतो. ज्या बंबाला खाली चावी असते, तो पाणी काढता काढता जाळ चालू असतानाच रिता होण्याची भीती असते. तेव्हा जेवढे ऊन पाणी काढावे, तेवढे थंड पाणी वरून घालावे. वरचे नरसाळे ही वाफेची वाट आहे. तिच्यात कापडाचा बोळा कोंबू नये किंवा ती झाळून बंद करू नये. कोंडलेल्या वाफेने भांडे फुटू शकते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट जागेची. बंबाची जागा अंगणात, पडवीत किंवा परसात असावी. बंद न्हाणीघरात पेटता बंब ठेवून, कडी लावून अंघोळ करणे जिवावर बेतू शकते. गॅसच्या गिझरलाही हाच नियम लागू आहे. बादलीत आधी थंड पाणी घ्यावे, मग ऊन पाणी ओतावे. घरात लहान मूल असेल तर हा क्रम कधीही चुकवू नये.

बाळंतिणीची खोली

आता एका नाजूक विषयाकडे वळतो. बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला शेक देण्याची, ओव्याची व बाळंतशेपांची धुरी देण्याची आपल्या घरांत जुनी चाल आहे. तिच्यामागे माया आहे, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु वारा लागू नये म्हणून खिडक्यांच्या फटी बुजवायच्या, दारावर जाड पडदा सोडायचा आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, या प्रकाराने अग्नीच्या दोन्ही वाटा एकदमच बंद होतात. आई आणि मूल ही दोघेही त्या खोलीत रात्रंदिवस असतात. धुराने बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना अपाय होतो व न्युमोनियाचा संभव वाढतो. बाजेवरून लोंबणाऱ्या लुगड्याला वा गोधडीला आग लागण्याचे भय असतेच.

घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा मान राखून त्यांना हे समजावून सांगावे लागेल. ऊब हवी ना, मग बाळाला टोपडे, पायमोजे घालावे, आईच्या कुशीत ठेवावे, जाड पांघरूण घ्यावे. बाळंतिणीला शेकावयाचे झाल्यास फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी पुरते. शेगडी पेटवावी ती अंगणात आणि निजलेल्या माणसांच्या खोलीत ती कोणत्याही ऋतूत ठेवू नये.

इंधन आणि राख

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. असे लाकूड पेटविले की आधी ते पाणी आटविण्यात उष्णता खर्ची पडते, धूर फार होतो आणि धुराड्यात डांबरासारखा चिकट थर जमतो. हा थर स्वतःच पेट घेतो आणि तेथून आग छपरापर्यंत जाते. लाकूड फोडून, पावसापासून झाकून, परंतु बाजूंनी वारा खेळेल असे रचून ठेवावे. वाळलेल्या लाकडाच्या टोकांना चिरा पडतात आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले असता खणखणीत आवाज येतो. प्लॅस्टिक, रबराच्या नळ्या, रंग दिलेले लाकूड आणि प्लायवूड जाळू नये, कारण त्यांचा धूर विषारी असतो. पेटत्या किंवा धुमसत्या जळणावर रॉकेल मुळीच ओतू नये.

राखेत निखारे दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतात. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरावी व कडब्याच्या गंजीपासून दूर ठेवावी.

एका योजनेचा धडा

चुलीचा धूर घराबाहेर काढण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. वर्ध्याला १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. तेथील मगनवाडीच्या नावावरूनच 'मगन चूल' ही धुराड्याची चूल ओळखली जाऊ लागली. पुढे १९८३ च्या सुमारास केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ साली तो थांबेपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या. परंतु त्यांपैकी पुष्कळ चुली काही वर्षांतच निकामी झाल्या. धुराडी काजळीने तुंबली, मातीला तडे गेले, नळाची वरची टोपी वाऱ्याने उडाली. किती चुली बसविल्या याची नोंद वहीत झाली, पण किती धुराडी साफ झाली याचा रकाना त्या मानाने मोकळाच राहिला. ही कोणा एकाची उणीव नव्हे. नवी वस्तू देणे सोपे असते आणि ती चालू ठेवणे कठीण असते, हा सर्वच विकासकार्याचा अनुभव आहे.

त्या काळातील काही धुराडी ॲस्बेस्टॉसच्या नळांची होती. असा जुना नळ घरात असेल तर तो कापू नये, घासू नये वा फोडू नये. त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते.

आपले कर्तव्य

आपल्या हाती असलेली तीन कामे सुचवितो. दिवाळीपूर्वी गावाची स्वच्छता होतेच. पंचायतीने त्याच आठवड्यात धुराडी व बंबाच्या नळ्या साफ करण्याचा दिवस ठरवावा आणि अंगणवाडी व शाळेच्या स्वयंपाकघरापासून आरंभ करावा. आशा व अंगणवाडी कार्यकर्तींनी गरोदर स्त्रीच्या घरी जाताना शेगडी कोठे ठेवली जाते, हे आवर्जून पाहावे. शिक्षकांनी वर्गात जळत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा घालून दाखवावा. ज्योत विझताना पाहिलेले मूल घरी जाऊन बंद खोलीतील शेगडीविषयी आजीला नक्की सांगेल.

एकाच घरातील अनेकांचे एकदम डोके दुखू लागले, उलट्या होऊ लागल्या किंवा कोणी शेगडीजवळ बेशुद्ध आढळला, तर प्रथम दारे-खिडक्या सताड उघडाव्या, माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध आली तरी डॉक्टरांस दाखविल्याशिवाय राहू नये. भाजले असल्यास वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावे. शाई, तूप वा दंतमंजन लावू नये.

मित्रहो, या कामास मोठा निधी लागत नाही. एक काठी, थोडा काथ्या आणि उघडी ठेवलेली खिडकी एवढीच त्याची सामग्री आहे. येत्या थंडीत आपल्या गावातील प्रत्येक पेटत्या शेगडीची जागा आपण एकदा पाहून यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.