द्रौपदी हसली म्हणून?

हातातलं काम थांबवू नका. भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल. आज मला टीव्हीवरच्या महाभारताबद्दल बोलायचं आहे. पण सुरुवात आमच्या वाडीतल्या एका हळदीपासून करते.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मांडवात पाणी सांडलेलं होतं. भावकीतल्या एकाचा पाय घसरला आणि तो सगळ्यांसमोर आपटला. आमच्या गटातली एक नवी सून खुदकन हसली. इतर चारचौघंही हसले होते, पण लक्षात राहिलं ते तिचं हसणं. दोन घरांत बोलाचाली झाली, जुनं बांधाचं भांडण वर आलं. मग वडीलधारी बसली आणि त्यांतले एक जण म्हणाले, "द्रौपदी हसली आणि महाभारत झालं. बाईच्या जातीनं हसताना इचार करावा." पोरीला सगळ्यांदेखत माफी मागायला लावली. त्यानंतर ती गटाच्या बैठकीला यायचीच बंद झाली.

मी तिथंच बसले होते. गटाची सचिव, चार बुकं शिकलेली, पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. कारण मलाही ते खरंच वाटत होतं. मी डोळ्यांनी पाहिलं होतं ना, टीव्हीवर!

तुमच्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना आठवत असेल. २ ऑक्टोबर १९८८ ला दूरदर्शनवर बी. आर. चोप्रांचं महाभारत सुरू झालं आणि जून १९९० मध्ये संपलं. दर रविवारी सकाळी. गावात टीव्ही एक-दोन घरांत. आम्ही पोरीबाळी अंघोळी उरकून, गोठ्याचं काम आटपून धावत जायचो. पुरुष पुढं, बायका मागं दाराशी. हिंदी अर्धं कळायचं, अर्धं चेहऱ्यावरून समजून घ्यायचो. 'माताश्री', 'पिताश्री' हे शब्द तेव्हापासूनच आमच्या चेष्टेत आले.

आता विचार करा, या माणसांपुढं काम केवढं होतं. महाभारताची अठरा पर्वं. परंपरेनं एक लाख श्लोक मानतात. पोथ्याही एकसारख्या नाहीत. प्रांत बदलला की पाठ बदलतो. म्हणून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं १९१९ साली एक काम हाती घेतलं. देशभरातली बाराशेहून जास्त हस्तलिखितं जमवली, ओळ न ओळ ताडून पाहिली, मागाहून घातलेलं वाटलं ते वेगळं काढलं. हे काम १९६६ साली पुरं झालं. दोन पिढ्या त्यात गेल्या. निवडून-पाखडूनसुद्धा ८९ हजारांच्या आसपास श्लोक उरले.

एवढा डोंगर चोप्रांच्या मालिकेनं ९४ भागांत बसवला. पाऊण तासाचा एक भाग धरला तर सगळे मिळून सत्तर तास. म्हणजे काय ठेवायचं, काय टाकायचं, हा प्रश्न आलाच. पटकथा आणि संवाद लिहिले राही मासूम रझा यांनी. ते उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यातल्या गंगौली गावचे. आपल्या गावावर त्यांनी 'आधा गाँव' ही कादंबरी लिहिली आहे. मूळ ग्रंथात गोष्टीच्या पोटात गोष्ट आहे. कुणीतरी कुणाला सांगतो, तो पुढं तिसऱ्याला सांगतो. टीव्हीवर त्यानं गोंधळ उडाला असता. म्हणून सगळी गोष्ट सांगायला 'समय' आणला. चेहरा नाही, नुसता आवाज. हरीश भिमाणींचा तो आवाज अजून कानात आहे. ही युक्ती नामी होती. भाग कुठंही तोडला तरी आवाज येऊन धागा जोडून द्यायचा.

बरंचसं गाळावंही लागलं. आपण वटपौर्णिमेला जिची पूजा करतो ती सावित्री महाभारतातली, वनपर्वातली. नळ-दमयंतीही तिथलीच. अशा उपकथांना मालिकेत जागा मिळाली नाही. युद्ध संपल्यावर भीष्मांच्या निधनापाशी मालिका थांबली. पुढं यादव आपसांत लढून संपतात, पांडव हिमालयाकडं निघतात, ते सगळं राहिलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वाकळ शिवताना प्रत्येक चिंधी काही बसत नाही.

पण गाळणं वेगळं आणि भर घालणं वेगळं.

मालिकेत दुर्योधन मयसभेत पाण्यात पडतो, द्रौपदी वरून हसते आणि आंधळ्याचा मुलगा आंधळा असं म्हणते. हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. हळदीच्या त्या प्रकारानंतर माझ्या मनाला चैन पडेना. तालुक्याच्या वाचनालयातून सभापर्वाचं मराठी भाषांतर आणलं आणि रात्री जेवणं झाल्यावर वाचत बसले.

तिथं काय आहे? दुर्योधन जमीन समजून पाण्यात पडतो. हसतात कोण? भीम, अर्जुन, नकुल, सहदेव आणि नोकरचाकर. त्या जागी द्रौपदीचं नाव नाही. पुढं दुर्योधन घरी जाऊन बापाजवळ गाऱ्हाणं करतो, तेव्हा तो म्हणतो की द्रौपदीही बायकांसह हसली. म्हणजे हे त्याचं सांगणं. आणि आंधळ्याच्या मुलाबद्दलचं ते वाक्य? संस्थेनं सिद्ध केलेल्या पाठात ते कुठंही नाही. ते नंतरच्या सांगणाऱ्यांनी घातलं, नाटकं-सिनेमांनी उचललं आणि टीव्हीनं घराघरांत पोचवलं.

असं का केलं असेल? टीव्हीला वैराचं कारण डोळ्यांना दिसावं लागतं. भाऊबंदकी पिढ्यान्‌पिढ्या आतून कुजत जाते, ती दोन मिनिटांत कशी दाखवणार? एक बाई हसली की काम सोपं होतं.

पण बायांनो, मालिका जरी खरी धरली तरी हिशेब जुळत नाही. लहानपणी भीमाला विष घालून नदीत टाकलं, तेव्हा द्रौपदी कुठं होती? लाखेच्या घरात पांडवांना आईसकट जाळायचा बेत केला, तेव्हा तिचं स्वयंवरही झालं नव्हतं. ती या घरात पाऊल टाकायच्या आधीच हे वैर चांगलं वाढलेलं होतं. भांडण राज्याच्या वाटणीचं होतं. दोष मात्र सुनेच्या हसण्यावर आला. आमच्या वाडीत तरी दुसरं काय झालं? बांधाचं भांडण बारा वर्षांचं, आणि पोरगी नांदायला येऊन आठ महिने झालेले.

मालिकेचं श्रेयही द्यायला हवं. द्यूतसभेत रूपा गांगुलींची द्रौपदी भर दरबारात जाब विचारते, तेव्हा आमच्या त्या खोलीत टाचणी पडली तर ऐकू आली असती. प्रश्न मूळ ग्रंथातलाच आहे. माझा नवरा आधी स्वतःला हरला की मला? जो स्वतःच दास झाला, तो मला पणाला कसा लावतो? भीष्मांसारखे भीष्म सरळ उत्तर देऊ शकले नाहीत. कौरवांतला एकटा विकर्ण तिच्या बाजूनं बोलला.

आणि पुढचं, जे लोक सांगायला विसरतात. धृतराष्ट्र तिला वर मागायला सांगतो. पहिल्या वरानं ती युधिष्ठिराला सोडवते, दुसऱ्यानं उरलेल्या चौघांना. तिसरा वर देऊ केला तर नको म्हणते, लोभ बरा नव्हे म्हणून. तेव्हा खुद्द कर्ण, जो तिच्याशी वाईट बोलला होता, तो म्हणतो की बुडणाऱ्या पांडवांना ही नाव होऊन मिळाली. ही द्रौपदी आपल्याला कुणी म्हणीत घालून दिली नाही.

टीव्ही बघू नका असं मी म्हणत नाही. २०१३ साली नवं महाभारत आलं, त्याचे २६७ भाग झाले. पुढंही येतील. गोष्ट मोठी आहे, जो तो आपल्या परीनं कापणार, शिवणार. फक्त पडद्यावरची गोष्ट घेऊन कुणी तुमच्या लेकीसुनेला गप्प बसवू लागला, तर म्हणा, थांबा दादा, हे कुठं लिहिलंय ते दाखवा.

पुढच्या मासिक बैठकीत मी हे सगळं वाचून दाखवलं. मग आम्ही सात जणी त्या पोरीच्या घरी गेलो. तिच्या सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आन् आम्हाला इतकी वर्सं असंच का सांगितलं मग?" मला उत्तर देता आलं नाही. पण त्यांनी सुनेला आत जाऊन बचतीचं पुस्तक आणायला सांगितलं.

परवाच्या बैठकीला ती आली होती. हिशेब करताना माझी बेरीज चुकली. सगळ्यांच्या आधी हसली ती तीच. कुणाचं काही बिघडलं नाही. बेरीज आम्ही पुन्हा केली.

पुन्हा भेटू. नमस्कार.