यादीत नसलेल्या बायका

(यावल तालुक्यातील एकट्या स्त्रियांच्या मेळाव्यात केलेले भाषण. थोडे संक्षिप्त करून.)

आजचा विषय आहे ‘एकटी बाई आणि रेशनकार्ड’, आणि मी बोलणार आहे २०२० सालच्या नाताळाबद्दल. काहीजणींना वाटेल, हिने भलताच कागद आणला की काय! पण हा प्रश्न मला कळला तो त्या नाताळात. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत तो मी वाचला होता, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. कळला मात्र नव्हता.

ते वर्ष आठवून पाहा. २५ मार्चपासून टाळेबंदी. केळी बागेत तयार, पण उचलायला व्यापारी येईना. पावसाळ्यात केळीवर सीएमव्हीचा रोग आला आणि लोकांनी लावलेल्या बागा उपटून टाकल्या. बाग गेली की मजुरी गेली, आणि पहिली मजुरी जाते ती बाईची. शाळा बंद, म्हणजे पोरांची खिचडीही बंद. सरकारने एप्रिलपासून माणशी ५ किलो धान्य आणि कार्डामागे १ किलो डाळ फुकट दिली. ते नोव्हेंबरअखेर थांबले आणि पुन्हा सुरू झाले मे २०२१ मध्ये. मधल्या पाच महिन्यांत नेहमीचे, विकतचे रेशन तेवढे चालू होते. रोग मात्र गेला नव्हता आणि मजुरी परत आली नव्हती. नाताळ आला तो नेमका या पाच महिन्यांत.

आपल्या तालुक्यात ख्रिस्ती घरे मोजकीच. त्यांच्या एका लहान मंडळीतल्या बायकांशी माझी ओळख बचतगटामुळे झालेली. मी स्वतः ख्रिस्ती नाही. १६ नोव्हेंबरला देवळे, मशिदी, चर्च उघडली होती, पण नाताळच्या उपासनेला पन्नासाहून जास्त माणसे नकोत अशी सरकारची सूचना होती. त्यामुळे दरवर्षीचे प्रीतिभोजन रद्द झाले. त्यासाठी साठवलेले पैसे आणि वर्षभराचे अर्पण मिळून चाळीस पिशव्या भरतील एवढी रक्कम होती. बायका म्हणाल्या, “ताई, आम्हाला गरजू कुटुंबांची यादी करून दे. आपलीच माणसं नकोत, गावातली सगळी धर.”

मी यादी केली. आता माझी चूक सांगते. कॉलेजात शिकवलेला सर्व्हेचा नमुना काढला आणि पहिला रकाना आखला, ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’. दुसरा, ‘रेशनकार्ड क्रमांक’. दोन दिवसांत चाळीस नावे झाली. सदतीस पुरुषांची आणि तीन म्हाताऱ्या विधवांची. मी खूश. यादी वाचून दाखवली, तर त्यांच्यातली एक आजी, वय सत्तरीच्या पुढे, नुसती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “बाई, यात प्रमुखच प्रमुख आहेत. चुली कुठे आहेत?”

त्यांनी मला टाळेबंदीतली एक गोष्ट सांगितली. मे महिन्यात कोणीतरी दिलेली पिशवी एका घरी पोचली होती. फोटोही निघाला. ती गेली थोरल्या दिराच्या खोलीत. त्याच घराच्या मागे गुरांच्या गोठ्याला लागून धाकट्या भावाची विधवा दोन पोरांसह राहत होती. तिच्या चुलीवर त्यातला एक दाणाही शिजला नाही. कागदावर ते एकच कुटुंब होते, आणि त्या कुटुंबाला मदत मिळालेली होती.

मी यादी फाडली. दोघी-दोघींच्या जोड्या करून आम्ही पुन्हा फिरलो. या वेळी प्रश्न एकच होता, “या उंबऱ्याच्या आत चुली किती? कोणाची चूल आज पेटली नाही?” दारात पुरुष असेल तर आजी त्याच्याशी बोलत बसायची आणि मी मागच्या दारी जायची. त्या फिरण्यात ज्या बायका भेटल्या, त्या पहिल्या यादीत नव्हत्या. माहेरी परत आलेली, भावाच्या ओसरीवर राहणारी परित्यक्ता. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून मजुरीला आलेली पावरा बाई, जिचे कार्ड दुसऱ्याच गावी. नवऱ्याने दुसरी आणल्यावर वेगळी निघालेली तडवी बाई. एका परित्यक्तेला मी सवयीने कार्ड विचारले. ती म्हणाली, “बाई, कार्डावर माझं नाव नही, म्हनून मले भूक बी नही का?”

पण पुढे चौकशी केली तेव्हा समजले की तिचे नाव कार्डावर होते. नवऱ्याच्या घरच्या कार्डावर! तिला हाकलून चार वर्षे झाली होती, तरी तिच्या वाट्याचे धान्य सासरी उचलले जात होते. फुकटचे पाच किलो आले तेही तिथेच गेले. माहेरच्या कार्डावर नाव चढवायचे तर आधी सासरच्या कार्डावरून कमी झाल्याचा दाखला हवा. दाखल्यासाठी सासरच्यांनी अर्ज करायला हवा. ते कशाला करतील?

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात चांगले कलम आहे. कार्डाची कुटुंबप्रमुख म्हणून घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत वडील स्त्री धरावी, असे कलम १३ सांगते. आपण त्याचे स्वागत केले आणि ते बरोबरच होते. पण सर्वांत वडील स्त्री म्हणजे बहुतेक घरांत सासू. कार्डावर बाईचे नाव आले, घरातली सत्ता होती तिथेच राहिली. हाकललेली सून आता सासऱ्याऐवजी सासूच्या कार्डावर अडकली, एवढाच फरक.

पिशवीत काय घालायचे यावरही वाद झाला. गहू, तूरडाळ, तेल, मीठ, तिखट, साबण यावर एकमत. मी सॅनिटरी पॅड सुचवले, तेव्हा दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला. “नाताळच्या पिशवीत ते?” पण आजीच म्हणाली, “घाला.” फोटो काढायचा नाही हेही ठरले. एक देणगीदार त्यामुळे नाराज झाले आणि त्यांनी हात आखडता घेतला. चाळीसच्या छत्तीस पिशव्या झाल्या, पण निर्णय बदलला नाही.

आणखी एक गोष्ट लपवून उपयोग नाही. ख्रिस्ती मंडळी हिंदू, मुसलमान, आदिवासी बायकांच्या दारात पिशवी घेऊन गेली की गावात कुजबुज होते, बाटवायला आले. तशी ती झाली. मंडळीतल्या बायकांनी आधीच ठरवले होते की पिशवीत पत्रक घालायचे नाही, दारात प्रार्थनेचा आग्रह धरायचा नाही. कोणी प्रार्थना करा म्हटले तर करायची. तरी शंका यायचीच. शंका घेणाऱ्यांना माझा एकच प्रश्न होता. गोठ्यामागे राहणारी ती विधवा तुमच्याच जातीची, तुमच्याच धर्माची, तिच्या दारात तुम्ही कधी गेला होतात?

हे सगळे आपल्याकडे पूर्वीही घडून गेले आहे. १८९३ साली शारदा सदनात धर्मांतराचा आरोप झाला, पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले. तरी पंडिता रमाबाई थांबल्या नाहीत. दुष्काळात स्वतःचे आईवडील गमावलेली ती बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुली-बायका घेऊन आली. त्याच वेळी पुण्यात प्लेग पसरला. नव्या मुलींना शहरात ठेवता येईना, म्हणून त्यांना दौंडजवळच्या केडगावला नेले. पुढे ‘मुक्ती’ तिथेच उभी राहिली. त्याच प्लेगात रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई गेल्या.

दोन महिन्यांनी, मे १८९७ मध्ये, रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात जाहीर पत्र लिहिले. प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत बायकांची अब्रू सुरक्षित नाही, असा आरोप त्यात होता. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे, तरी लिहिले. प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोचला. सरकारने आरोप फेटाळले, पण ते कागदावर आले. रमाबाईंनी बायकांना नुसते खाऊ घातले नाही. शेती, विणकाम, छापखाना त्यांच्या हाती दिला आणि बायकांच्या वतीने सरकारला जाबही विचारला. धर्मादाय आणि हक्काची लढाई या दोन वेगळ्या वाटा आहेत असे आपण बैठकांमध्ये म्हणतो. रमाबाई दोन्हींवरून चालल्या.

आमच्या पिशवीचे काय झाले? खरे सांगायचे तर, तीन माणसांच्या घरात ती बारा-तेरा दिवस पुरली. नवे वर्ष लागले आणि डबे पुन्हा रिकामे. म्हणून जानेवारीत आम्ही तीच यादी घेऊन पुन्हा बसलो. सोळा एकट्या बायकांचे अर्ज भरले, वेगळ्या कार्डाचे आणि संजय गांधी निराधार योजनेचे. त्या योजनेत तेव्हा महिना १,००० रुपये मिळत, २०२३ पासून १,५०० झाले. सोळांपैकी सहाजणींची कार्डे वर्षभरात झाली. चौघींचे अर्ज सासरच्या दाखल्यापाशी अडले. बाकीच्यांनी हेलपाट्यांना कंटाळून नाद सोडला. एका दिवसाची मजुरी बुडवून कचेरीत जायचे आणि ‘साहेब नाहीत’ ऐकून परत यायचे, हे किती वेळा करणार? गोठ्यामागच्या विधवेचे कार्ड झाले. “नाव कमी झाले” म्हणून माझ्याजवळ रडणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. आनंदाने रडत होती.

नाताळच्या दिवशी पाळकांनी उपासनेत येशूजन्माची गोष्ट वाचली. मी मागे बसले होते. ती गोष्टही नावनोंदणीपासूनच सुरू होते. बादशहाचा हुकूम सुटला, प्रत्येकाने आपल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवावे. दिवस भरलेली एक बाई नवऱ्याच्या गावी जाते, तिथे तिला उताऱ्याला जागा मिळत नाही, आणि ती गोठ्यात बाळंत होते. ऐकताना माझ्या मनात दुसराच गोठा आला. शेजारी आजी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. तिच्याही मनात तोच असावा.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात कोणीही मदत वाटो, चर्च, मशीद, गणेश मंडळ नाहीतर सरकार, यादी करताना तिथे आपली एक बाई असू द्या. तिने ‘कुटुंबप्रमुख कोण’ हा प्रश्न मागे ठेवून आधी चुली मोजाव्यात. आणि वाटप संपले की ती यादी फेकू नये. पुढचे अर्ज तिच्यातूनच निघतात. दुसरी मागणी आपण आज या मेळाव्यातून तहसीलदारांकडे करू या. वेगळ्या राहणाऱ्या स्त्रीने स्वतः अर्ज केला आणि तलाठ्याने किंवा ग्रामसभेने ती वेगळी राहत असल्याचे लिहून दिले, तर सासरच्या सहीवाचून तिचे नाव कमी व्हावे. निवेदन टेबलावर ठेवले आहे.

ज्या चौघींचे अर्ज अडले, त्यांच्यापैकी दोघी आज इथे आल्या आहेत. पहिली सही त्यांनी करावी, अशी माझी विनंती आहे.